दोन निळ्या बाटल्या आणि काळी माती

मिथिलीन ब्लू हा रंग निवडला की मातीने पाण्यातला रंग काढायचा प्रयोग सहसा फसत नाही. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी वाचायला बसले तेव्हाच हे लक्षात आलं, कारण हाताला लागणाऱ्या दर दुसऱ्या शोधनिबंधात तोच रंग होता. माती कुठलीही घ्या, तिच्यावर मिथिलीन ब्लूचं पाणी ओता, ढवळा, थोडा वेळ थांबा. पाणी बिनरंगी. नव्वद टक्के, पंच्याण्णव टक्के, नव्याण्णव टक्के. मॅडम म्हणाल्या, "तू पण कर. हात बसेल. पण नंतर एक खरा रंग घे." खरा रंग म्हणजे आमच्याकडे ज्या रंगाचं पाणी ओढ्याला जातं तो.

तो मिळवणं मला अवघड नव्हतं. माझे मामा इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या-धुवायच्या कारखान्यात, डाईंग मास्तर आहेत. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवल्यापासून हे गाव कापडावरच जगतं, आणि कापड म्हटलं की सायझिंग, म्हणजे सुताला खळ लावणं, आलं, रंगाई आली, धुलाई आली आणि धुतलेलं पाणी आलं. काळ्या ओढ्याचं नाव आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तो पंचगंगेला मिळतो आणि पंचगंगा नरसोबाच्या वाडीला कृष्णेत. मामांना विचारलं तर म्हणाले, "न्हे की कॅनभर. पर काय करतीस त्याचं?" मातीने रंग काढणार आहे म्हटल्यावर हसले नाहीत, एवढं मात्र खरं. "बघ," म्हणाले.

आधी माती. बाजारात बेंटोनाइट विकत मिळतो, कच्छहून पोत्यांनी येतो, आणि कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत तर तो रोजचा. पण नैसर्गिक मातीवर काम करायचं तर पोत्यातली माती कशाला, आपल्या पायाखाली काय कमी आहे? दख्खनच्या पठारावर साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जो लाव्हा पसरला, त्या बेसॉल्टची झीज होऊन ही काळी माती तयार झाली, आणि तिच्यातल्या बारीक कणांत मोठा वाटा मॉन्टमोरिलोनाइटच्या कुळातल्या खनिजांचा असतो. बेंटोनाइटमध्येही मुख्य खनिज तेच. उन्हाळ्यात रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसात त्या मिटतात, ती करामत याच खनिजाची. शिरोळ तालुक्यात ओळखीच्या एकांच्या रानात विहिरीचं काम चाललं होतं. नांगराच्या थराखालची, खतं-औषधं न लागलेली माती तिथून पोतंभर आणली.

पोत्यातली माती आणि प्रयोगाची माती यांत बरंच काम असतं. खडे, मुळं, चुनखडीच्या गाठी वेचून काढल्या. पातळ आम्ल घातलं तर माती फसफसली, म्हणजे बारीक चुनखडी अजून आत होती. फसफस थांबेपर्यंत आम्ल, मग पाण्याने धुणं. सेंद्रिय अंश जाळायला हायड्रोजन पेरॉक्साइड. त्यानंतर जे करायचं ते धीराचं. माती भरपूर पाण्यात ढवळून उंच बरणीत ठेवायची आणि जड कण खाली बसू द्यायचे. स्टोक्सच्या नियमाने हिशेब निघतो: साधारण २० अंश सेल्सिअसला दोन मायक्रॉनचा कण दहा सेंटिमीटर खाली जायला आठ तास घेतो. म्हणून सकाळी ढवळायचं, संध्याकाळी वरचं दहा सेंटिमीटर गढूळ पाणी नळीने ओढून घ्यायचं. त्यात दोन मायक्रॉनपेक्षा बारीक तेवढंच येतं. खाली राहिलेल्यात परत पाणी, परत ढवळणं. आमचे प्रयोगशाळेतले काका रोज संध्याकाळी कुलूप हातात घेऊन उभे असत आणि म्हणत, "झाली का न्हाई तुझी चिखलाची आंघोळ?"

मग ती माती मिठाच्या पाण्यात घोळवून तिच्यातलं कॅल्शियम काढायचं आणि त्या जागी सोडियम बसवायचं. जास्तीचं मीठ धुऊन टाकायचं. सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरा साका येईनासा झाला की धुणं संपलं. इथे एक गंमत झाली. जसजसं मीठ निघून गेलं तसतशी माती खाली बसेनाशी झाली. कॅल्शियमवाली माती आपोआप तळाला जायची. ही सोडियमवाली रात्र रात्र तरंगत राहायची, हाताला साबणासारखी बुळबुळीत. शिरोळकडचा माणूस हे बघताच ओळखेल. जादा पाण्याने क्षारपड झालेल्या रानात नेमकं हेच होतं: सोडियम वाढतो, मातीची जडणघडण मोडते, पाणी मुरत नाही, आणि मग शेतकरी जिप्सम टाकून कॅल्शियम परत आणायला बघतो. शेतात जी डोकेदुखी तीच मी बादलीत मुद्दाम तयार करत होते. माझ्या वडिलांना हे सांगितलं तर त्यांना ते अजिबात गमतीचं वाटलं नाही.

मातीचं रंगाशी जमतं कशामुळे, ते इथे सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. मॉन्टमोरिलोनाइटचा एकेक थर म्हणजे सिलिकाचे दोन पत्रे आणि मधे ॲल्युमिनाचा एक. तिन्ही मिळून जाडी साधारण एक नॅनोमीटर. मधल्या पत्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम बसलेलं असतं. ॲल्युमिनियमवर तीन धन भार, मॅग्नेशियमवर दोन. त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीला एक ऋण भार उरतो. हा भार कायमचा, आम्लाने-अल्कलीने न पुसणारा. तो भागवायला थरांच्या मधे सोडियम, कॅल्शियम असे धन आयन येऊन बसतात, आणि दुसरा कुणी धन भाराचा आला तर त्याला जागा देऊन निघून जातात. माती परीक्षणाच्या अहवालात 'धन आयन विनिमय क्षमता' असा जो आकडा असतो, तो या जागांचा. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची ही क्षमता शंभर ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक), चिनी मातीतल्या केओलिनाइटची जेमतेम ३ ते १५. आपल्या काळ्या रानाच्या न निवडलेल्या मातीची साधारण ४० ते ६०.

मिथिलीन ब्लूच्या रेणूवर एक धन भार. इथेच सगळं ठरतं. शंभर ग्रॅमला ५० धरले तर एका ग्रॅमला अर्धा मिलिइक्विव्हॅलंट. रंगाचा रेणुभार सुमारे ३२०. म्हणजे एक ग्रॅम माती कागदावरच्या हिशेबाने १६० मिलिग्रॅम रंग धरेल. लिटरला १०० मिलिग्रॅम रंग असलेलं गडद निळं पाणी लिटरला एक ग्रॅम मातीने साफ व्हायलाच हवं. आणि झालंच. मी ढवळणीचं यंत्र चालू करून वही उघडेपर्यंत पाण्याचा रंग उतरायला लागला होता. माती मात्र जांभळटसर झाली. निळा रंग घेऊन माती जांभळी का, तर थरांवर रंगाचे रेणू एकमेकांना चिकटून बसतात आणि त्यांचं प्रकाश शोषणं बदलतं.

मोजमापाच्या वेळी मात्र सावध राहावं लागतं. हा रंग कशालाही चिकटतो: काचेला, मोजायच्या प्लॅस्टिकच्या डबीला, म्हणजे क्युव्हेटला, बोटांना. गाळणकागदालाही. कागद म्हणजे सेल्युलोज, पाण्यात किंचित ऋण भाराचा. मॅडमनी आधीच सांगितलं होतं म्हणून मी माती न घालता नुसतं रंगाचं फिकट पाणी कागदातून गाळून पाहिलं. गाळलेलं पाणी आणखी फिकट. म्हणजे ज्यांनी कागदातून गाळून टक्केवारी काढली त्यांच्या मातीच्या खात्यावर थोडी कागदाची कमाईही जमा झालेली असणार. आम्ही सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून माती तळाला बसवणारं यंत्र, वापरायचं ठरवलं. आमच्या विभागातलं बंद पडलं होतं, म्हणून खालच्या मजल्यावर मायक्रोबायॉलॉजीकडे जायला लागले. नळ्या समोरासमोर तोलून ठेवायच्या, वरचं नितळ पाणी पिपेटने उचलायचं आणि यूव्ही यंत्रात ६६४ नॅनोमीटरला ते किती प्रकाश शोषतं ते वाचायचं. त्यावरून उरलेला रंग कळतो.

माती किती रंग धरते याची लँगम्यूर, फ्रॉइंडलिशची समीकरणं, गतीचे आलेख, हे सगळं केलं, कारण प्रबंधात ते लागतं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की ज्या आलेखात दोन्ही अक्षांवर वेळ असतो त्यात सरळ रेष येणारच. तिच्यावरून 'रासायनिक बंध तयार झाला' असं ठोकून देण्याची जी पद्धत पडली आहे ती मला पटली नाही. मॅडमनाही पटत नव्हती. वाक्य काढून टाकलं.

याच काळात गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीत जायचा योग आला. वर्गातल्या मित्राचे वडील तिथे सँड लॅबमध्ये. त्यांनी मला माझाच प्रयोग करून दाखवला, फक्त उलट्या बाजूने. मोल्डिंगच्या वाळूत जो बेंटोनाइट असतो तो ओतकामाच्या उष्णतेने हळूहळू मरतो. वाळूत अजून किती 'जिवंत' माती उरली आहे हे त्यांना रोज बघावं लागतं. पाच ग्रॅम वाळू घेतात, पायरोफॉस्फेटच्या द्रावणात उकळतात म्हणजे माती दाण्यांपासून सुटते, आणि मग मिथिलीन ब्लू थोडा थोडा घालत जातात. दर वेळी काचकांडीने एक थेंब गाळणकागदावर. माती रंग गिळत असते तोवर गडद ठिपका आणि भोवती स्वच्छ पाण्याचं वर्तुळ. मातीचं पोट भरलं की जादा रंग ठिपक्याबाहेर येतो आणि फिकट निळसर-हिरवट कडं उमटतं. मग किती मिलिलिटर लागलं ते बघून तक्त्यातून मातीचं प्रमाण काढतात. ते काका म्हणाले, "आमच्याकडं बारावी झालेला पोरगा दिवसाला चार वेळा करतोय हे." आपल्याकडे जे प्रकल्पाचं फलित म्हणून मिरवतात ते पलीकडच्या एमआयडीसीत रोजची तपासणी म्हणून चालू असतं. मी परत येऊन माझ्या मातीची क्षमता त्याच पद्धतीने काढली. आलेखातून आलेल्या आकड्याशी ती बऱ्यापैकी जुळली.

आता मामांचा कॅन.

मामांनी काळ्या शेडच्या बाथमधलं, म्हणजे कापड ज्यात रंगवतात त्या द्रावणातलं, उरलेलं पाणी दिलं होतं. काळा रंग म्हणजे बहुतेक वेळा रिॲक्टिव्ह ब्लॅक ५, सुती कापडावरचा फार चालणारा रंग. प्रयोगशाळेत पाणी घालून पातळ केला तर तो काळा राहिला नाही, निळा झाला. गर्द निळा. मिथिलीन ब्लूच्या बाटलीशेजारी ठेवला तर एकाच कारखान्यातल्या दोन बाटल्या वाटाव्यात. यूव्ही यंत्रात फरक दिसतो, हा ६०० नॅनोमीटरच्या जरा अलीकडे शोषतो. डोळ्याला तो फरक काही लक्षात येत नाही.

मातीला मात्र लगेच लक्षात आला. तीच माती, तेवढीच, तसंच ढवळणं. बाटली बाजूला ठेवल्यावर माती काही मिनिटांतच तळाशी बसली, कारण बाथमध्ये भरपूर मीठ होतं आणि मिठाने मातीचे कण गोळा होतात. वरचं पाणी इतकं नितळ झालं की पलीकडची अक्षरं वाचता येत होती. नितळ आणि निळं. यंत्रावर आकडा जवळजवळ सुरुवातीचाच. मातीचा डोस दुप्पट केला, पाचपट केला. तळाचा चिखल वाढला, रंग जागच्या जागी.

कारण रसायनाच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल. या रंगाच्या रेणूवर सल्फोनेटचे गट असतात, म्हणजे ऋण भार. माती ऋण, रंग ऋण. पण हे मला खऱ्या अर्थाने समजावलं ते मामांनी, आणि तेही भाराचा उल्लेख न करता. मी त्यांना फोनवर सांगितलं की तुमचा रंग मातीला लागत नाही. ते म्हणाले, "अगं, त्यो कापडाला तरी कुठं सुखासुखी लागतोय? लिटरला पन्नास-साठ ग्रॅम मीठ घातल्याबिगर चढतच न्हाई. मिठावर चढतोय, सोड्यावर बसतोय."

मिठावर चढतो, सोड्यावर बसतो. रिॲक्टिव्ह रंग १९५६ साली बाजारात आले, आणि त्यांची सगळी रंगाई या दोन वाक्यांत आहे. सुती धागाही पाण्यात किंचित ऋण भाराचा, रंगही ऋण. मीठ घालून त्यांच्यातलं एकमेकांना ढकलणं कमी केलं की रंगाचा सपाट रेणू धाग्याजवळ येतो आणि त्याला बिलगतो. मग सोडा घालून पीएच अकराच्या आसपास नेला की रंगाचा आणि सेल्युलोजचा कायमचा बंध होतो. पण त्याच वेळी काही रंगाचा पाण्याशीच संयोग होतो. असा रंग वाया गेला. त्याचं बंध जोडायचं टोक खर्ची पडलेलं असतं, तो पुन्हा कापडावर बसत नाही. शेडप्रमाणे आणि रंगाच्या जातीप्रमाणे १० ते ४० टक्के रंग असा वाया जातो आणि धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जातो. ओढ्याचा रंग तो हाच. मातीकडे धाग्यासारखं बिलगून घ्यायला काही नाही, मीठ आधीच बाथमध्ये भरपूर, आणि तरी रंग लागत नाही, म्हणजे नुसतं ढकलणं कमी करून भागत नाही हेही कळलं.

अशा वेळी साहित्यात दोन वाटा सांगतात. एक, पाणी आम्लधर्मी करा. पीएच दोन-तीनवर आणलं की मातीच्या थरांच्या कडा धन होतात आणि थोडा ऋण रंग धरतात. केलं. धरला, पण कडा त्या किती असणार? शिवाय बाथमध्ये सोडा. आम्ल ओतताना चुळकाभर पाण्याचा फेस बीकरच्या बाहेर येत होता. प्रोसेस हाऊसच्या टाकीत हे करायचं तर किती टँकर आम्ल लागेल आणि नंतर तेच पाणी सोडण्यालायक करायला किती चुना, हा हिशेब मी मामांसमोर मांडायचं धाडस केलं नाही.

दुसरी वाट जास्त चालते. मातीच्या थरांत सोडियमच्या जागी लांब शेपटीचा धन रेणू बसवायचा. आम्ही सीटॅब घेतलं, म्हणजे सिटाइल ट्रायमिथाइल अमोनियम ब्रोमाइड. जखमा धुवायच्या अँटिसेप्टिकमधलं सेट्रिमाइड आणि केसांच्या कंडिशनरमधले काही घटक याच्याच भावकीतले. मातीच्या क्षमतेएवढं घातलं की तिचे ऋण भार भागतात. त्याहून जास्त घातलं की शेपट्या एकमेकींत अडकून दुसरा थर बसतो आणि या वेळी धन डोकी बाहेरच्या बाजूला येतात. म्हणजे ऋण माती धन होते. थंडीचे दिवस होते. सकाळी बघावं तर सीटॅबच्या बाटलीत पांढऱ्या सुया जमलेल्या. कोमट पाण्यात ठेवून त्या विरघळवून घ्याव्या लागत. क्ष-किरण विवर्तनासाठी नमुने पाठवले तेव्हा मूळ मातीचं शिखर सहा अंशांच्या आसपास होतं, म्हणजे थरांमधलं अंतर साधारण १४.७ अँगस्ट्रॉम, सीटॅबवाल्या मातीत ते साडेचारकडे सरकलं, म्हणजे १९.६. थर उघडले होते.

आणि हिने रिॲक्टिव्ह ब्लॅक ओढून घेतला. मॅडम खूश, मी खूश, आलेख देखणे. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण याच मातीवर आहे. पण ते लिहितानाच मनात काही बसत नव्हतं. माझ्या मातीच्या बारीक भागाची क्षमता शंभर ग्रॅमला ७० धरा. तेवढं भागवायलाच एका ग्रॅम मातीला पाव ग्रॅम सीटॅब लागतं, आणि धन डोकी बाहेर यायला त्याच्याहून जास्त. म्हणजे फुकटच्या मातीत तिच्या वजनाच्या पाव ते अर्धा भाग विकतचं रसायन. ते पाण्यातल्या मासे-शेवाळांना विषारी. त्यातलं थोडं सुटून पाण्यात येतं. धुतलेल्या मातीचं पाणी हलवलं तर वर फेस दिसायचा. शीर्षकात 'नैसर्गिक मातीचा वापर' लिहायचं आणि आत हे, याला काय म्हणावं? शीर्षकात 'रूपांतरित' हा शब्द घालून घेतला. मॅडमनी मान डोलावली.

मामांकडे आकडे घेऊन गेले. ईटीपीच्या, म्हणजे त्यांच्या सांडपाणी शुद्धीकरणाच्या टाक्यांच्या, कट्ट्यावर बसून बोललो. आधी त्यांनी मला त्यांचं काम दाखवलं: चुना, फेरस (लोहाचा क्षार), मग पॉलीचं, म्हणजे गोळे जमवणाऱ्या पॉलिमरचं, डोसिंग, मोठमोठे गोळे जमून खाली बसतात, फिल्टर प्रेसमधून स्लजच्या वड्या निघतात. माझी माती या साखळीत कुठे बसेल, यावर ते खरोखर विचार करत होते. मग त्यांनी विचारलं, "लाख लिटरला किती माती?"

लिटरला दोन ग्रॅम धरली तर लाख लिटरला दोनशे किलो. पाण्यात रंग लिटरला शंभर मिलिग्रॅम असेल तर एकूण रंग दहा किलो. दहा किलो रंग धरायला दोनशे किलो माती, आणि ती ओली निघणार, म्हणजे प्रेसमधून आली तरी आठशे-हजार किलो चिखल. रोज. तो टाकायचा कुठे? सांडपाणी शुद्धीकरणाचा रासायनिक गाळ २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत येतो. तो शेताच्या बांधावर ओतता येत नाही, परवाना असलेल्या ठिकाणी वजनावर पैसे भरून पाठवावा लागतो. मातीने रंग मारला नव्हता. पाण्यातला उचलून स्वतःकडे ठेवला होता, एवढंच. भट्टीत भाजून रंग जाळता येतो, पण पाचशे-सहाशे अंशांच्या पुढे मातीचे थरही मिटतात आणि पुन्हा उघडत नाहीत. फाउंड्रीतली मेलेली माती ती हीच. सीटॅबवाली माती तर भाजली की सीटॅबही गेलं.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि मीठ?"

मीठ तसंच. माती मिठाला हात लावत नाही. लिटरला पन्नास ग्रॅम मीठ असलेला बाथ धुण्याच्या पाण्यात मिसळून कितीही पातळ झाला तरी मीठ तेवढंच राहतं. तिरुपूरला २०११ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने रंगाईचे कारखाने बंद झाले होते, तेव्हा प्रश्न नुसत्या रंगाचा नव्हता, क्षारांचाही होता. त्यानंतर तिथे पाणी आणि मीठ दोन्ही परत मिळवायच्या यंत्रणा उभ्या राहिल्या. "रंग दिसतोय म्हणून बोंब होत्या," मामा म्हणाले. "मीठ कुणाला दिसतंय?" क्षारपड रानाच्या कडेच्या विहिरीतून माती आणलेल्या मला यावर बोलायला काही नव्हतं.

तिथून उठताना त्यांनी एक उपयोगाची गोष्ट सांगितली. त्यांच्या ईटीपीत कधी कधी गोळे हलके होतात, तरंगतात, बसतच नाहीत. अशा वेळी थोडी जड बारीक माती सोडली तर वजन मिळेल का? घरी येऊन बीकरमध्ये पाहिलं. साधी चाळलेली काळी माती, ना सोडियम, ना सीटॅब. फेरस आणि चुन्याच्या आधी चिमूटभर घातली तर गोळे घट्ट झाले आणि पाणी लवकर नितळलं. रंग काढायचं काम फेरस-चुन्याचंच. मातीने फक्त ओझं वाहिलं. प्रबंधात याला एक परिच्छेद मिळाला. मला विचाराल तर तो आलेखांपेक्षा कामाचा आहे.

मातीचा नळीत स्तंभ करून वरून पाणी सोडायचा प्रयत्नही झाला, कारण परीक्षकांना स्तंभ आवडतात. काळी माती ओली झाली, फुगली, आणि पाणी वरच उभं राहिलं. पावसाळ्यात काळ्या रानातून चालत गेलेल्या माणसाला हे सांगायला प्रयोग लागत नाही. वाळूत मिसळून भरली तेव्हा थेंब थेंब आलं.

मग धन भाराचे रंग खरोखर जातात कुठे? ॲक्रिलिकच्या धाग्याची रंगाई बेसिक रंगांनी होते. तिथे माती चालावी. रंगपंचमीच्या स्वस्त रंगांत मॅलाकाइट ग्रीनसारखे रंग सापडतात, तेही धन. पण माझ्यासमोर त्याहून जवळचं एक ठिकाण होतं आणि सेंट्रिफ्यूज वापरायला जाता-येता मी ते रोज बघत होते: मायक्रोबायॉलॉजीचं स्टेनिंगचं सिंक. ग्रॅम स्टेनिंगला क्रिस्टल व्हायोलेट आणि सॅफ्रानिन, शिवाय मिथिलीन ब्लू. तिन्ही धन भाराचे. वर्गच्या वर्ग स्लाइड धुवायचा आणि सिंक जांभळंच्या जांभळं. तिथल्या सरांना विचारलं. ते म्हणाले, "जागा व्यापणार नसेल तर ठेव."

आता सिंकखाली एक पिंप आहे. रंगांचं धुवण त्यात येतं. अल्कोहोलचं धुवण वेगळ्या बरणीत, कारण अल्कोहोल मातीने धरलेला रंग सोडवतं. प्रात्यक्षिकं संपली की आमचे काका मापाने काळी माती घालतात, काठीने ढवळतात, रात्रभर ठेवतात. इथे सोडियमवाली माती मुद्दाम वापरत नाही, ती बसत नाही. विहिरीतली माती चुन्या-कॅल्शियमसकट चाळून घेतली की पुरते. सकाळी वरचं पाणी नळीने काढतात, तळाचा चिखल ट्रेमध्ये वाळवतात आणि विभागाच्या रासायनिक कचऱ्याच्या डब्यात टाकतात. किती माती घालायची ते फाउंड्रीच्या ठिपक्यावरून ठरतं: गाळणकागदावर थेंब टाकायचा, भोवती रंगीत कडं दिसलं तर आणखी एक माप. हे काकांना मी एकदाच दाखवलं. पुढच्या वर्षीच्या मुलांना ते स्वतः दाखवतात, आणि "कुणाच्या प्रबंधात न्हाई हे, कारखान्यातलं हाय," असं वर सांगतात.